तृतीया, सकाळी आठ

समुद्रात शिरायला मराठी माणसाला काहीतरी कारण लागतं. ‘बरं वाटतं’ एवढं पुरत नाही. डॉक्टरांनी गुडघ्यांना खारं पाणी सांगितलंय, पोरं ऐकेनात म्हणून मागोमाग जावं लागलं, चप्पल वाहून चालली होती, सोमवती अमावास्या आली होती. असं काही हाताशी असलं की आपण निर्धास्तपणे पाण्यात. एकदा आत गेल्यावर तास-तासभर बाहेर यायचं नाव काढत नाही, पण ते पुढचं. आधी कारण.

अलिबाग, नागाव, काशीदला हल्ली ही सोय केळ्याच्या आकाराच्या रबरी बोटी करतात. पैसे भरले म्हणजे बसणं आलं, बसलं म्हणजे आत जाणं आलं, आणि आत गेल्यावर बोटवाला ती मुद्दाम उलटी करतो. माणसं नखशिखान्त भिजून, लाइफ जॅकेटच्या बक्कलांशी झटापट करत बाहेर येतात, आणि हौसेने पाण्यात उतरल्याचा आळ कुणावरच येत नाही.

पण रायगडच्या किनाऱ्याच्या पार दक्षिण टोकाला, सावित्री नदी समुद्राला मिळते आणि खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो त्या कोपऱ्यात, हरिहरेश्वरला जी सोय आहे तिची सर कशालाच नाही. तिथे भिजण्याचं कारण हरी आणि हर या दोघांनी मिळून दिलेलं आहे.

हरिहरेश्वरचा रिवाज असा, की आधी काळभैरवाचं दर्शन घ्यायचं, मग हरिहरेश्वराचं, मग परत काळभैरवाचं. हे झालं की प्रदक्षिणा. इथली प्रदक्षिणा देवळामागच्या अख्ख्या टेकडीला असते. थोडं चढायचं, मग दोन कातळभिंतींमधल्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्या उतरायच्या, आणि उतरता उतरता अचानक समोर समुद्र उभा. पायऱ्या संपतात तिथून पुढची वाट त्याच्या मालकीची आहे. लाटांनी तासून काढलेला काळा ओटा डोंगराच्या पायथ्याशी लांबवर गेलेला असतो, आणि ओहोटीच्या वेळी समुद्र तो आपल्याला थोडा वेळ वापरायला देतो. ओट्यावर जागोजाग खळगे, त्यांत मागे राहिलेलं नितळ पाणी. शुक्लतीर्थ, गायत्रीतीर्थ, विष्णुपद अशी इथल्या ठिकाणांना नावं आहेत. कुठलं नाव नेमकं कुठल्या खळग्याचं, यावर आम्हा चौघांत किमान पाच मतं होती.

चौघं म्हणजे आत्या, दादा, वहिनी आणि मी. संक्रांत नुकतीच झालेली, पर्समध्ये अजून तिळगूळ सापडत होता. आत्याने पंचाहत्तरी ओलांडली आहे. लहानपणी ती गावच्या विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून पोहायला शिकली. काठावरून मुटका मारायची, असं ती सांगते आणि आम्ही मान डोलावतो. लग्न होऊन शहरात आली आणि त्यानंतर बादलीपलीकडच्या पाण्यात काही उतरली नाही. कुणी अडवलं असंही नाही. कुणी कारण दिलं नाही, एवढंच.

आदल्या संध्याकाळी ओटीवर बसलेलो असताना दादाच्या मुलीचा जर्मनीहून फोटो आला. सुट्टीत मैत्रिणींबरोबर ती ग्रीसमधल्या हायड्रा बेटावर गेली होती, त्या वेळचा. बंदरापासून चार पावलांवर स्पिलिया नावाची जागा आहे. वाळू नाहीच, सरळ खडक. खडकावर सिमेंटचे ओटे केलेले, आणि त्यांवरून पाण्यात उतरायला लोखंडी शिडी. एक बाई शिडीवरून उतरतेय, एक मुलगा उडी मारण्याच्या बेतात आहे, आणि एक म्हातारे गृहस्थ ओले अंग उन्हाला लावून पुस्तक वाचताहेत. खाली निळं पाणी, तळाचे दगड दिसताहेत.

आत्याने फोटो दोन बोटांनी मोठा करून सगळीकडून पाहिला.

“देऊळ कुठंय?”

“देऊळ नाही आत्या. तिथे नुसतं पोहतात.”

“नुसतं?”

दादाने माहिती पुरवली की त्या बेटावर मोटारींना बंदी आहे, सामानसुमान खेचरांच्या पाठीवरून जातं. “मग माथेरानच की,” आत्या म्हणाली, आणि आपल्याच जिल्ह्यात घोडे असताना पोरीने इतक्या लांब जायची काय गरज होती, असा चेहरा करून फोन परत दिला.

मला मात्र त्या शिडीचं नवल वाटत राहिलं. खडकात पक्की रोवलेली शिडी. म्हणजे शिडी बसवणाऱ्याला खात्री होती की उद्याही, परवाही, पाणी शिडीच्या खालच्या पायरीशीच असेल. भूमध्य समुद्राला बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटी अशी जवळजवळ नाहीच, वीत-दीड वीत पाणी हलतं. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत तीन-साडेतीन मीटर सहज वर-खाली होतं. हरिहरेश्वरला कुणी तशी शिडी बसवली, तर सकाळी ती कोरड्या कातळावर उभी दिसेल आणि दुपारी दिसणारच नाही. ग्रीक माणसाला वाटेल तेव्हा तो पोहतो. आपल्याला समुद्राला वाटेल तेव्हा भिजावं लागतं.

हा प्रकार ग्रीकांना कळायला सिकंदराला सिंधूच्या मुखापर्यंत यावं लागलं. इ. स. पूर्व ३२५ मधली गोष्ट. त्याचं आरमार तिथे थांबलं होतं. ओहोटी लागली, पाणी निघून गेलं आणि गलबतं जागच्या जागी जमिनीवर बसली. भूमध्याच्या काठी वाढलेल्या त्या दर्यावर्दींनी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांची गाळण उडाली. अरायन नावाच्या इतिहासकाराने नमूद करून ठेवलंय की तेच पाणी परत आलं तेव्हा ते आणखी हबकले, आणि त्या लोंढ्यात काही गलबतं फुटलीही. पृथ्वी जिंकायला निघालेली माणसं! आमची आत्या तिथे असती तर तिने त्यांना आधी तिथी विचारली असती.

पुढे ते शहाणे झाले म्हणा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ म्हणजे खलाशांसाठीचं वाटाड्या-पुस्तक आहे. त्यात भडोचच्या भरतीबद्दल चांगला दम भरलेला आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची नावंही आहेत. सेमिल्ला म्हणजे आपलं चौल. त्याच्याखाली मंदगोरा, काही अभ्यासक ते बाणकोट असावं असं मानतात, म्हणजे हरिहरेश्वरासमोर खाडीच्या पलीकडच्या काठावर. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी एक ग्रीक खलाशी इथे डोलकाठीला टेकून पाणी चढायची वाट बघत बसलेला असू शकतो. त्यालाही इथे मुकाट्याने समुद्राच्या वेळापत्रकाप्रमाणेच वागावं लागलं असणार.

तर वेळापत्रक. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांकडे ते तोंडपाठ होतं. कोकणात हे गणित बहुतेकांना येतं: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती मध्यान्हीच्या आसपास, ओहोटी सकाळ-संध्याकाळी. त्यातही अष्टमीच्या आगेमागे पाणी फार चढत नाही न् फार उतरत नाही, त्याला भांग म्हणतात. आणि अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाण, तेव्हा चढतं तेवढंच खाली जातं. खडपात कालवं काढायला जाणाऱ्या बायका हेच बघून निघतात.

“उद्या वद्य तृतीया,” काका म्हणाले. “तीन त्रिक नऊ, सव्वादोन. सव्वादोनला भरती, तर आठ-सव्वाआठला सुकती. सातला निघा. उधाणाचे दिवस आहेत, वाट छान मोकळी असेल.”

दादा वीजमंडळातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालाय. तिथी नावाच्या गोष्टीवर कुठलंही यंत्र चालवलेलं त्याने पाहिलेलं नाही. त्याने फोनमध्ये भरती-ओहोटीचं अ‍ॅप उघडलं, भिंग लावल्यासारखं निरखलं, आणि बराच वेळ काही बोलला नाही. “काय म्हणतंय?” वहिनीने विचारलं. “आठ वाजून चार मिनिटं,” दादा म्हणाला. काकांनी विजयाचा आनंद दाखवला नाही. “चार मिनिटं पुढेमागे होतात,” एवढंच म्हणून ते सोलकढीचं विचारायला आत गेले.

सकाळी पायऱ्या उतरून खाली आलो तेव्हा समुद्र खरोखरच दूर गेला होता. ओट्यावर ओला चकचकाट, आणि उजवीकडे डोंगराची उभी भिंत. त्या भिंतीवर निसर्गाने जे कोरीवकाम केलंय ते पाहायला भूगोलाचे विद्यार्थी सहली काढून येतात. कातळभर लहानमोठ्या भोकांची जाळी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. लाटांचे तुषार दगडाच्या छिद्रांत शिरतात, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्या मिठाचे स्फटिक वाढत वाढत दगडाला आतून कणाकणाने सोलतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्याला किरकोळ मीठ पोखरतंय. दादाने हे सगळं उभ्या उभ्या समजावून सांगितलं. तो सांगत होता तोपर्यंत आत्या चपला काढून पुढे गेली होती.

आणि इथेच दादा आपल्या खऱ्या कामाला लागला. प्रत्येक मराठी कुटुंबात एक काठावरचा माणूस असतो. तो पाण्यात येत नाही. त्याला नेमलेलं नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं. चपलांचे जोड त्याच्याभोवती लागतात, चष्मे त्याच्या खिशात, फोन दुसऱ्या खिशात, एका खांद्यावर पर्स, दुसऱ्यावर टॉवेल, आणि आमच्या दादाच्या तर मुठीत रुमालात गुंडाळलेलं आत्याचं कानाचं यंत्र. असा सजला की हा माणूस सूचना द्यायला लागतो. घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्यांना “फार आत जाऊ नका” म्हणतो. बसलेल्यांना “बसू नका, ओलं होईल” म्हणतो. दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहून “चला आता” म्हणतो, आणि कुणी हलत नाही हे त्याला अपेक्षितच असतं. आत्याला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं, कारण यंत्र त्याच्याच मुठीत होतं.

या माणसाची मी आजवर पुष्कळ चेष्टा केली आहे. पण हरिहरेश्वरच्या त्या ओट्यावर कुणीतरी कोरडं राहून समुद्राकडे बघत बसलंच पाहिजे, हेही खरं. तिथे लाटेने ओढून नेलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतो; सावधगिरीचे फलक लावलेले आहेत आणि ते फलकांसमोर फोटो काढणाऱ्यांसाठी नाहीत. भरती सुरू झाली की पाणी पायरीपायरीने चढत नाही. एखादी लाट इतरांच्या पुढे येऊन अख्खा ओटा झाडून जाते. पावसाळ्यात तर या वाटेचं नावच काढायचं नाही. लाटेकडे पाठ करू नये, हा किनाऱ्यावरचा पहिला धडा. फोटो काढून घ्यायचा तर नेमकी तिच्याकडेच पाठ करावी लागते. दादा एका तरुण मंडळाला तीनतीनदा ओरडून मागे बोलावत होता. त्यांनी त्याला आधी काका म्हटलं, मग नाइलाजाने ऐकलं.

पोशाखाबद्दल थोडं. हायड्राच्या फोटोत माणसांनी पोहायचे कपडे घातले होते. आपल्याकडे पोहायचे कपडे म्हणजे अंगात असतील ते. एक कुटुंब पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून शिरलं आणि दहा मिनिटांत दुमडण्याचा हेतू पार बुडाला. एक काका बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, पण मनगटाला घड्याळ तसंच. दोन नवविवाहित जीन्समध्ये. ओल्या जीन्सचं वजन किती होतं हे परतीच्या पायऱ्यांवर त्यांना कळलं असेल. आमच्या वहिनीने पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधली होती. आत्या पाचवारीत. तिने पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या, आणि “मी फक्त पाय बुडवते” असं जाहीर केलं.

जरा पुढे दोन बायका खडपात बसून कोयतीच्या टोकाने कालवं फोडत होत्या. त्यांतल्या एकीने आत्याला पाहिलं आणि हाताने खूण केली. “आजी, तिथं नको, निसरडं हाय. हितं या, हितं बसायला बरं.” तिने दाखवलेला खळगा कमरेएवढा, तळाशी बारीक वाळू, एका बाजूला कातळाचा नैसर्गिक बाक. समुद्राकडची कड बुटकी होती. मधूनच एखादी दमलेली लाट तिच्यावरून आत सांडायची आणि पाणी पुन्हा ताजं व्हायचं. बोटभर मासे इकडून तिकडे पळत होते. एक खेकडा अर्धा बाहेर येऊन आमच्याविषयी मत बनवत होता.

आत्याने पाय बुडवले. मग काठावर बसली. मग “हे गायत्रीतीर्थच असणार” म्हणाली. मी हो म्हटलं. कालवंवाल्या बाईनेही हसून मान हलवली. तीर्थ ठरल्यावर नुसते पाय कसे चालतील? आत्याने ओंजळीत पाणी घेऊन सूर्याला सोडलं, नाक धरलं आणि पहिली बुडी मारली. दुसरी. तिसरीला ती वर आली ती वेगळीच बाई होती. केस कपाळाला चिकटलेले, तोंडावर खारट पाणी, आणि पाठीमागे रेलून ती पाय हलवायला लागली. कमरेएवढ्या पाण्यात, पाचवारी नेसून, पंचाहत्तरी ओलांडलेली आमची आत्या पाठीवर तरंगत होती. बिंड्याशिवाय. ते मुटक्याचं खरंच असावं, असं मला तेव्हा वाटलं.

“आत्या, बस आता!” दादा लांबून ओरडला.

ती डोळे मिटून आकाशाकडे तोंड करून होती. मीही मग आत उतरले. माझ्याजवळ आयतं कारण होतं: आत्याला धरायला कुणीतरी नको का? वहिनी उतरली ती मला धरायला. पौषातल्या सकाळचं पाणी पहिल्या क्षणाला पाठीत शिरतं, मग सोडवत नाही. तिघी जणी त्या खळग्यात मानेपर्यंत बसलो. कोण काय बोललं आठवत नाही. वहिनीने मध्येच कुणाच्या तरी सासूची नक्कल केली आणि आत्याला ठसका लागला.

साडेनऊला कड ओलांडून येणाऱ्या लाटा दमलेल्या राहिल्या नव्हत्या. कालवंवाल्या बायकांनी टोपल्या उचलल्या. ते पाहून आम्हीही उठलो, कारण त्यांच्याइतकं विश्वासाचं अ‍ॅप तिथे दुसरं नव्हतं. दादा सगळी दुकानं अंगावर घेऊन उभाच होता. पुढची वाट टेकडीला वळसा घालून किनाऱ्याकडे जाते आणि प्रदक्षिणा पूर्ण होते. मागची वाट पायऱ्यांची. आत्या साडी पिळत पायऱ्यांकडे वळली.

“आत्या, इकडून,” दादाने तिच्या हातात यंत्र देत म्हटलं. “प्रदक्षिणा अर्धी राहील. पटपट गेलो तर पाणी यायच्या आत होते.”

आत्याने यंत्र कानात बसवलं, शिट्टी वाजली, ती थांबेपर्यंत वाट पाहिली. “शंकराला अर्धीच प्रदक्षिणा असते. सोमसूत्र ओलांडत नाहीत.”

“ते देवळातल्या देवळात. इथे सगळे पूर्ण घालतात. शिवाय इथे नुसता हर नाही, हरीही आहे. विष्णूला पूर्ण लागते.”

दादाने हे आयतंच हातात दिलं. आत्या ओलेत्याने कातळावर उभी राहून क्षणभर विचार करत राहिली. “खरंच की रे,” ती म्हणाली. “मग हराची आज झाली. हरीची उद्या घालू. उद्या चतुर्थी. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनला भरती, म्हणजे नऊला ओहोटी. आजच्यापेक्षा उशिरा उठलं तरी चालेल.”

“आत्या, उद्या सकाळी आपण निघतोय.”

“संकष्टीला? तीर्थावर येऊन संकष्टीचं स्नान चुकवायचं?”

यावर वीजमंडळाकडे उत्तर नव्हतं. परत आल्यावर काकांनी खोली आणखी एक दिवस आहे असं सांगितलं, उद्या रात्री चंद्रोदयानंतर उकडीचे मोदक करतो म्हणाले, आणि वहिनीने दोरीवर कपडे वाळत घातले. दादा चहा घेऊन झाल्यावर काकांना जरा बाजूला नेऊन विचारत होता, की श्रीवर्धनच्या बाजारात बर्म्युडा मिळेल का, मोठ्या मापाची. मुलाला हवी आहे, असं म्हणाला. मुलगा सध्या बंगळुरूला असतो.